विक्रीस्पर्धा

ठरावीक मुदतीत अधिक विक्री करणाऱ्या प्रतिनिधीस रोख रक्कम, सोन्याचे नाणे वा सहल देण्याची योजना म्हणजे विक्रीस्पर्धा. बक्षीस एकच असेल, तर मागे पडलेले प्रतिनिधी लवकरच हात टेकतात. आयुर्विमा महामंडळाच्या एजंट-क्लबांची रीत वेगळी. ठरलेले निकष पूर्ण करणारा प्रत्येक जण तेथे सदस्य होतो. १९२७ साली मेम्फिस येथे स्थापन झालेल्या ‘मिलियन डॉलर राउंड टेबल’चीही रीत हीच.

मात्र मोजायचे काय, हा खरा प्रश्न. इंदूरच्या जुनी इंदूर भागाजवळील सियागंज ही किराण्याची मोठी घाऊक पेठ. अशा पेठेत महिनाअखेरीस व्यापाऱ्याच्या गोदामात माल उतरला, की कंपनीच्या दप्तरी विक्री झाली. गिऱ्हाइकाने तो घेतलेला नसतो. व्यापाऱ्याचे भांडवल अडकते, पुढल्या महिन्याची मागणी आटते, बक्षीस तेवढे वाटून झालेले असते. म्हणून किरकोळ दुकानांपर्यंत पोहोचलेला मालच मोजावा आणि परत आलेला वजा करावा, हे इष्ट.

उद्दिष्टांचा दबाव वाढला, की याहून वाईट घडते. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेस १८.५ कोटी डॉलर दंड झाला. तोवर सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांची नोकरी गेली होती.