मोटारीची साक्ष

आमच्या नोकरीच्या काळात दर महिन्याच्या आरंभी खात्याच्या जीपचे लॉगबुक सहीसाठी आमच्यापुढे येत असे. निघण्याचे ठिकाण, पोहोचण्याचे ठिकाण, मीटरचे आकडे, प्रयोजन, डिझेल असे त्यात रकाने असत. १९९०च्या दशकातील एका पावसाळ्यात आमचा चालक नर्मदाकाठच्या गावी सामान पोहोचवून परतत असता वाटेतला रपटा पाण्याखाली गेला आणि त्याने बराच लांबचा वळसा घेऊन जीप मुख्यालयी आणली. मीटरची केबल त्याच आठवड्यात तुटलेली होती. आम्ही त्या दिवशी जीपमध्ये नव्हतो. पुढे लेखापरीक्षणात डिझेलच्या खपावर आक्षेप निघाला, वळशास पुरावा नाही असा शेरा पडला आणि रक्कम चालकाच्या पगारातून वसूल झाली. वसुलीच्या आदेशावर सही आमचीच होती. गाडीला स्वतःची साक्ष देता आली असती तर, हा विचार त्या दिवसापासून आमच्या मनात घर करून आहे. म्हणूनच मोटारीला वाचा कशी फुटली, हा इतिहास आम्ही निवृत्तीनंतर आवडीने वाचला.

मोटार बोलू लागण्यापूर्वी तिला स्वतःच्या शरीराची जाणीव यावी लागली. ती आली धुराच्या निमित्ताने. अमेरिकेत १९७०च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर इंजिनाच्या ज्वलनावर बारीक लक्ष ठेवणे कारखानदारांस भाग पडले आणि ते काम इलेक्ट्रॉनिक पेटीखेरीज जमेना. कॅलिफोर्निया राज्याने १९८८च्या मॉडेलांपासून गाडीने आपला बिघाड आपणच नोंदवावा असा नियम केला. १९९६पासून त्याची सुधारित आवृत्ती सबंध अमेरिकेत लागू झाली. भारतात हीच व्यवस्था २०१०पासून टप्प्याटप्प्याने आली. दरम्यान जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली डेट्रॉइट येथील अभियंत्यांच्या परिषदेत ‘कॅन’ ही संदेशवहनाची पद्धत मांडली. तोवर प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला स्वतंत्र तार लागे आणि महागड्या गाडीत तारांचे मोठे जंजाळ होऊन बसे. कॅनने सर्व पेट्या एकाच तारेच्या जोडीवर आणल्या. जो तो आपला निरोप त्या तारेवर सोडतो, ज्याला हवा तो घेतो. निरोप कोणी धाडला याची खातरजमा करण्याची सोय मात्र त्या रचनेत नव्हती. घरातल्या घरात चाललेल्या बोलण्याला ओळखपत्र कशाला हवे, असाच तो विचार असावा. या गोष्टीकडे पुढे यावे लागेल.

बाहेरच्या जगाशी मोटारीचा खरा संबंध जोडला तो जनरल मोटर्सने. ईडीएस ही संगणक-सेवेची कंपनी आणि ह्यूज ही उपग्रहांची कंपनी, दोन्ही त्या वेळी तिच्याच कुटुंबातल्या. त्यांच्या सहकार्याने १९९६च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ‘ऑनस्टार’ ही सेवा जाहीर झाली आणि १९९७च्या मॉडेलांच्या कॅडिलॅक गाड्यांत ती प्रथम मिळू लागली. गाडीत उपग्रहावरून स्थान ओळखणारा ग्राहक आणि मोबाइल फोन बसवलेला. बटण दाबले की केंद्रावरील माणूस बोलू लागे. अपघातात एअरबॅग फुगली की चालकाने काही न करताही केंद्राला वर्दी जाई. त्या काळी उपग्रहाचा नागरी संकेत मुद्दाम धूसर केलेला असे आणि स्थानात शंभरेक मीटरची चूक गृहीत धरावी लागे. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने तो पडदा काढून घेतला आणि ही सेवा अचानक कितीतरी अधिक उपयोगी झाली. सरकारी आदेशाने एका रात्रीत यंत्र सुधारल्याचे असे उदाहरण आम्हास दुसरे ठाऊक नाही.

या इतिहासातील सर्वांत बोधक प्रकरण मात्र आरंभाचे नसून बंद पडण्याचे आहे. ऑनस्टारच्या सुरुवातीच्या गाड्या अॅनालॉग मोबाइल जाळ्यावर बोलत. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २००२ साली ठरवले की १८ फेब्रुवारी २००८ नंतर हे जुने जाळे चालू ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर राहणार नाही. फोन वापरणाऱ्यास ही अडचण नव्हती; तो दोन-तीन वर्षांत फोन बदलतोच. मोटार मात्र पंधरा-वीस वर्षे चालते. काही गाड्यांत नवे उपकरण बसवता आले, अनेकांत आलेच नाही. २००८ उजाडले तेव्हा त्या गाड्यांची इंजिने ठणठणीत होती, आरशाजवळचे बटणही जागेवर होते, पण पलीकडे ऐकणारे कोणी नव्हते. मालकाने पैसे मोजून घेतलेली सुरक्षितता त्याच्या अंगणात उभ्या गाडीतून निघून गेली, आणि त्यात ना गाडीचा दोष, ना मालकाचा.

यातून धडा घेतला गेला असे म्हणवत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टी कंपनीने अमेरिकेतील ३जी जाळे बंद केले, तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर तीच पाळी पुन्हा आली. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या मॉडेल-प्रकारांत अपघात होताच ११२ क्रमांकास आपोआप हाक देणारी ‘ई-कॉल’ यंत्रणा सक्तीची झाली. ती २जी-३जीच्या आवाजी फोनवर बेतलेली होती. ती जाळीही आता देशोदेशी मिटत चालल्याने नव्या प्रकारांसाठी १ जानेवारी २०२६ पासून ४जी-५जीवर चालणारी आवृत्ती ठरवावी लागली. आधीच रस्त्यावर असलेल्या गाड्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

कॅनच्या तारेवर ओळखपत्र नव्हते, याची किंमत २०१५ साली कळली. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हालासेक या दोन संशोधकांनी घरी बसून, मोबाइल जाळ्यामार्फत, सेंट लुईसच्या महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकी गाडीचे इंजिन मंदावून दाखवले. आत एक पत्रकार ठरवून बसलेला होता. गाण्या-नकाशांच्या पडद्यातून ते आतल्या तारेपर्यंत पोहोचले. फियाट-क्रायस्लरला चौदा लाख गाड्यांची दुरुस्ती जाहीर करावी लागली आणि तिचे सॉफ्टवेअर मालकांना टपालाने पाठवण्यात आले. विनातार युगातील हा बिघाड शेवटी पोस्टमनच्या हातून निस्तरला गेला, याचे आम्हास थोडे हसूही आले.

भारतात खासगी गाड्यांत ही हौस उशिरा आली. २०१३च्या महिंद्र ई२ओ या विजेच्या लहान गाडीला फोनवरून हाताळता येई. पुढे २०१९च्या मे-जूनमध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर यांनी ‘इंटरनेटची गाडी’ हा शब्द घरोघरी नेला. परंतु आमच्या मते भारताचा खरा अध्याय सार्वजनिक वाहनांचा आहे आणि तो हौसेतून नव्हे, वेदनेतून लिहिला गेला. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत चालत्या बसमध्ये जे घडले त्यानंतर सार्वजनिक वाहन कोठे आहे हे सतत कळावे आणि आतल्या प्रवाशाला हाक मारता यावी, ही मागणी टाळता येण्यासारखी राहिली नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम घालण्यात आला. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा वगळून सार्वजनिक वाहनांत स्थाननिदर्शक यंत्र व आपत्कालीन बटणे आवश्यक ठरली. यंत्राचे मानक म्हणजे एआयएस-१४०; ही मानके सिद्ध करण्याचे काम पुण्याची एआरएआय ही संस्था पाहते. मूळ तारीख १ एप्रिल २०१८ होती. ती पुढे गेली आणि शेवटी १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या वाहनांना बंधन लागू झाले. जुन्या वाहनांची तारीख राज्यांवर सोपवली गेली. ‘राज्यांवर सोपवणे’ याचा अर्थ आमच्यासारख्यांना कोशात पाहावा लागत नाही.

मानक कागदावर चांगले आहे. यंत्रात सिम पक्के बसवलेले, वाहनाची बॅटरी तोडली तरी चालावे म्हणून आत वेगळी बॅटरी, जाळे नसेल तेव्हा नोंदी साठवून नंतर पाठवण्याची सोय. जाळ्यांच्या बाबतीत आपले दैव काहीसे बरे: एअरटेलने २०२० पर्यंत ३जी मिटवले पण २जी राखले, त्यामुळे साध्या यंत्रांची वाचा एकदम बसली नाही. उणीव आहे ती पलीकडच्या टोकाला. हाक ऐकण्यासाठी नियंत्रण कक्ष हवा, कक्षात रात्रपाळीचा माणूस हवा, त्या माणसाच्या हाकेला धावणारी पोलिसांची गाडी हवी. यंत्र एकदा खरेदी होते. माणूस दरमहा पगार मागतो. आमच्या सबंध नोकरीत यंत्रांच्या खरेदीची फाइल पुढे सरकलेली आणि पदनिर्मितीची फाइल अडकलेली, हेच दृश्य पाहिले.

साक्षीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. आमच्या चालकाच्या वळशाची ग्वाही उपग्रहाने दिली असती, तशीच ती जीप रविवारी मंगलकार्यालयापुढे तीन तास उभी होती याचीही दिली असती; आणि त्या रविवारी लॉगबुकात ‘शासकीय काम’ असे लिहिण्यास चालकाला कोणी सांगितले होते, हे आम्ही येथे कबूल करतो. लॉगबुक कपाटात राही, मागितल्याशिवाय कोणी उघडत नसे. आता नोंद गाडीत राहत नाही. ती कंपनीच्या वा खात्याच्या संगणकात जाते आणि ज्याच्याविषयी ती आहे त्या चालकाला बहुधा दिसत नाही. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. रोजंदारीवरचा बसचालक तो कायदा हाती धरून आपली नोंद मागू शकेल का, याविषयी आम्ही साशंक आहोत.

इंदूरजवळ पीथमपूरला २०२१च्या जूनमध्ये वेगवान वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा गोल मार्ग सुरू झाला. गेल्या पावसाळ्यात एका खासगी बसने महेश्वरला जाताना या चाचण्यांचाच विचार मनात होता. आमच्या आसनाजवळ ते लाल बटण होते. ते चालते का, असे आम्ही कंडक्टरला विचारले. गाडीच्या फिटनेसच्या वेळी दिवा लागला होता, असे त्याने सांगितले. सिमची मुदत त्यानंतर कधीतरी संपली आणि मालकाने पुन्हा पैसे भरले नाहीत. मग त्याने कोपऱ्यातून एक जाडजूड वही काढली आणि आमचे तिकीट तिच्यात पेनने टिपून घेतले.