अयोग्य इनपुटची पडताळणी : एक ऐतिहासिक टिपण

चुकीची माहिती मिळाल्यास यंत्राने काय करावे, हा प्रश्न आधुनिक संगणकाहून जुना आहे. चार्ल्स बॅबेज यांनी १८६४ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात त्याचे उत्तर आढळते. त्यांचे नियोजित विश्लेषक यंत्र कार्डावरील संख्या मागितलेल्या संख्येशी ताडून पाहणार होते. तफावत आढळताच घंटा वाजवून ते थांबणार होते. ते यंत्र पूर्णत्वास गेले नाही.

१९७० च्या दशकात विकसित झालेल्या सी भाषेत अशी घंटा नाही. पूर्णांकाऐवजी अक्षर आल्यास ‘स्कॅनएफ’ केवळ शून्य परत करते. अक्षर तेथेच पडून राहते आणि नवशिक्याचे लूप अखंड फिरू लागते. पडताळणीचा भार येथे आज्ञावली लिहिणाऱ्यावर आहे. म्हणूनच तिचे अध्यापन पहिल्या आज्ञावलीपासूनच व्हावयास हवे.