अब्बाजींची खाकी गोधडी

गोधडी ही बायकांची कला आहे, असे आपण नेहमी म्हणतो. पण गोधडीचा रंग, लांबी आणि वजन पुष्कळदा घरातल्या पुरुषाच्या आवडीवर ठरत आले. आमच्या घरात तरी तसेच होते. आमचे आजोबा, म्हणजे अब्बाजी, एस.टी.त ड्रायव्हर होते. दादी त्यांच्यासाठी गोधडी शिवायला बसली की त्यांची पहिली अट असे, "फूलां नक्को, मैं क्या दुल्हन हूं?" दुसरी अट अशी की गोधडी पायांच्या बोटांपर्यंत पुरली पाहिजे. ते उंच होते. तिसरी अट वजनाची. हलकी गोधडी त्यांना पांघरल्यासारखी वाटत नसे.

दादीने या तिन्ही अटी पाळल्या. वरच्या बाजूला त्यांच्या जुन्या खाकी पँटींचे आणि शर्टांचे तुकडे, आत लुंग्या आणि विरलेल्या चादरींचे थर. अस्तर मात्र तिने आपल्या फुलाफुलांच्या साड्यांचे लावले. वरून पाहणाऱ्याला खाकी दिसे, अंगाला फुलेच लागत. अब्बाजींनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

आपल्याकडे ठिगळाच्या कपड्याला मोठा इतिहास आहे. सूफींच्या खिरक्याला, ठिगळे लावलेल्या मुरक्क्याला, अध्यात्मात मानाचे स्थान मिळाले. अकराव्या शतकात लाहोरला राहिलेल्या हुजवेरींनी 'कश्फ-उल-महजूब' या फारसी ग्रंथात ठिगळांच्या वस्त्रावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि नुसत्या वस्त्राने कोणी सूफी होत नाही, हेही बजावले. महाराष्ट्रात गाडगेबाबांना (१८७६-१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत. म्हणजे फकिराच्या किंवा संताच्या अंगावर गेलेल्या ठिगळाची नोंद झाली. घरातल्या बाईने रात्री कंदिलाच्या उजेडात जोडलेल्या ठिगळाची नोंद मात्र कुणी केली नाही. ती कला नव्हती, ते घरकाम होते.

ही नोंद व्हायला लागली ती अलीकडे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांतले पुष्कळ जण गोव्याच्या पोर्तुगीज अमलातून निसटून घाटावरच्या जंगलात आले. त्यांच्यात मुसलमान, हिंदू आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, आणि त्यांच्या घरगुती बोलीत कोकणी-मराठीचा मोठा वाटा आहे. २००३ साली कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. शिवण कडेकडेने सुरू होते आणि फेऱ्या घेत मध्यावर येऊन संपते. चारही कोपऱ्यांवर कापडाची घडी घालून त्रिकोणी 'फुले' लावतात. ती नसली तर कवंदी त्यांना उघडीवाघडी वाटते. मुसलमान घरातल्या कवंदीवर कधी चंद्रकोर दिसते, ख्रिस्ती घरातल्या कवंदीवर क्रूस. कापड मात्र सगळ्यांचे एकच : घरच्यांनी वापरून विटवलेले. हेन्री ड्रेवाल या अमेरिकन अभ्यासकाने या कामाचा अभ्यास केला आणि २००४ पासून त्या बायकांची सहकारी संघटना उभी राहिली.

पुरुषाच्या कपड्यांच्या गोधडीचे सर्वांत बोलके उदाहरण मला दूरच्या देशात सापडले. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे कृष्णवर्णीयांचे गाव आहे. पूर्वी ते गुलामांच्या राबणुकीवर चालणारे कापसाचे मळे होते. इथल्या बायका शेतात राबणाऱ्या नवऱ्यांच्या आणि मुलांच्या फाटक्या डेनिम पँटींच्या गोधड्या शिवत. रंग निळा, करडा, तपकिरी. गुडघ्यावर कापड पांढुरके झालेले, आणि खिसा उसवून काढला तिथे मूळचा गडद चौकोन तसाच राहिलेला. १९४२ साली मिसूरी पेटवे यांचा नवरा वारला, तेव्हा त्यांनी त्याचे कामाचे कपडे फाडून, मुलीला हाताशी घेऊन गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपता यावे, एवढाच हेतू होता. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. १९६६ साली त्या भागातल्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले आणि समीक्षक त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी करू लागले. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटे काढली.

ते वाचले तेव्हा मला दादीची इद्दत आठवली. अब्बाजी वारले तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांचे कपडे गोरगरिबांना द्यायचे ठरले. दादीने चांगले कपडे सगळे दिले. दोन लुंग्या, एक खाकी शर्ट आणि कोपर फाटलेला स्वेटर तेवढा ठेवून घेतला. नात्यातल्या एका वडीलधाऱ्याने हटकले, "मरहूम के कपड़े घर में नक्को रखो." ती म्हणाली, "फटे कपड़े किसको देना? ये मेरे हिस्से के." चार महिने दहा दिवस ती घरातच होती. त्या दिवसांत तिने शेवटची गोधडी शिवली. या वेळी अट घालणारे कोणी नव्हते. तरीही वरची बाजू तिने खाकीच ठेवली आणि लांबी अब्बाजींच्या उंचीची. तिच्या पायांखाली ती हातभर उरायची.

आता असे शिवणे कमी झाले. टेरिकॉटच्या पँटीत सुई नीट जात नाही आणि त्या कापडाला ऊबही नसते. जुने कपडे बोहारणीच्या टोपलीत जातात, पांघरायला सोलापुरी चादर किंवा बाजारचे ब्लँकेट येते. ते वाईट आहे असे मी म्हणत नाही. दादीची बोटे सुईने किती सोलली होती ते मी पाहिले आहे, आणि त्या कष्टाचे गोडवे गाणे आपल्याला सोपे आहे. एवढेच सांगायचे आहे की आपला इतिहास दर्ग्यांच्या सनदांत आणि बादशहांच्या तवारिखांत आहे, तसा तो ट्रंकेतल्या या गोधड्यांतही आहे. घरात एखादी असेल तर ती उलगडून बघा. कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा, हे सांगणारी बाई हयात असेल तर तिला विचारून लिहून ठेवा, आणि शिवणारणीचे नावही लिहा. आमच्या दादीने गोधडीवर कुठेही आपले नाव घातलेले नाही.