भात्यापासून आकड्यांच्या विमानापर्यंत

बारामतीच्या धावपट्टीवरून उड्डाण शिकणारे विद्यार्थी इंदापूर तालुक्यातील उसाच्या फडांवरून आणि माळरानांवरून विमान नेण्याचा सराव करतात. मात्र वैमानिकीच्या या शिक्षणाचा काही भाग सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवर राहून उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या यंत्रावर होतो आणि हे यंत्र वाढले ते लष्करी गरजेतून. अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यात तयार झालेल्या एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये ते घडवले, तेव्हा भजनाच्या पेटीला असतो तसा हवेचा भाताच त्यातील छोट्या कॉकपिटला कलवीत असे. प्रारंभी त्याची गणना करमणुकीच्या साधनांत झाली. पण १९३४ मध्ये हवाई टपालाचे काम लष्कराकडे आले, खराब हवामानात वैमानिक एकामागून एक दगावू लागले आणि मग लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलरला सहा यंत्रे विकत घेतली.

यातील मोठी उणीव अशी की, विमान बदलले की यंत्रही नव्याने बांधावे लागे. म्हणून १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाने एमआयटी या संस्थेकडे असे यंत्र मागितले, जे वातबोगद्यातील चाचण्यांचे आकडे भरताच हव्या त्या विमानासारखे वागेल. ही मागणीच या इतिहासातील सर्वांत दूरदर्शी घटना मानावी लागेल. एमआयटीतील जे फॉरेस्टर यांच्या गटाने त्यासाठी अंकीय संगणकाची वाट धरली, परंतु १९५१ मध्ये 'व्हर्लविंड' संगणक कामाला लागला तोवर मूळ सिम्युलेटर मागे पडला होता.

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये गतीची समीकरणे एकीकडे आणि विमानाची माहिती, म्हणजे वजन, पंखांची उचल, इंजिनाचा जोर, दुसरीकडे ठेवलेली असते. शिकाऊ वैमानिकाने दांडा जास्त ओढला की समोरून येणाऱ्या हवेशी झालेल्या वाढीव कोनाला पंख किती उचल देतील हे संगणक तक्त्यातून काढतो, आणि कोन मर्यादेपलीकडे गेल्यास उचल कोसळून विमान 'स्टॉल' होते. तक्ता बदलला की तीच खुर्ची दुसऱ्या विमानाची होते. बंगळुरूच्या हॅट्सऑफ केंद्रात तर कॉकपिटही बदलता येतात, त्यामुळे लष्करी व नागरी 'ध्रुव' हेलिकॉप्टरांचे शिक्षण एकाच व्यवस्थेत होते.

२५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एकट्याने उड्डाण करणाऱ्या प्रशिक्षणार्थीचे विमान शेतात कोसळले, सुदैवाने जीव वाचला. अशा आणीबाणीचा सराव जिवाला धोका न पत्करता पुनःपुन्हा करता येतो तो सिम्युलेटरवरच. तरीही भारतीय नियमांनुसार इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, म्हणजे केवळ उपकरणे पाहून विमान चालवण्याच्या पात्रतेसाठी, लागणाऱ्या ४० तासांपैकी जास्तीत जास्त २० तासच त्यावर मोजले जातात.