गुरुवारच्या गोळीचं माहेर

शीव कोळीवाड्यातल्या आमच्या मावशीने गोळीसाठी गुरुवार निवडला, कारण गुरुवारी तिची पाटी हलकी असते. निम्मी गिऱ्हाइकं त्या दिवशी मासे खात नाहीत. रात्री जेवण झालं की ती दोन इवल्याशा पिवळ्या गोळ्या पाण्याबरोबर घेते आणि कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी, आठवड्यातून एकदाच. रोज घ्याल तर जिवावर बेतेल."

त्याआधीचं वर्ष मी पाहिलं आहे. पहाटे उठल्यावर तास-दीड तास तिची मूठ मिटत नसे. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली, मनगटं गरम. ज्या हाताने तिने चाळीस वर्षं सुरमईच्या तुकड्या पाडल्या, त्या हातात कोयता ठरेना. सगळे म्हणत, वयाचा संधिवात आहे, तेल चोळ. पण हा झिजेचा संधिवात नव्हता. हा आमवात. माधवकराच्या हजाराहून जास्त वर्षं जुन्या 'माधवनिदाना'त या नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे. यात शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशी सांध्याच्या आतल्या अस्तरावरच चालून जातात, आणि वेळेत आवरलं नाही तर हाड कुरतडलं जातं.

गोळीचं नाव मिथोट्रेक्झेट. तिच्या जोडीला शनिवारी एक फॉलिक अॅसिडची गोळी. मावशीने विचारलं, "ही दुसरी कशाला?" तिच्या प्रश्नाचं उत्तर शीव स्टेशनापासून तिसऱ्या स्टेशनावर, परळला आहे.

१९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत बाळंतिणींच्या मृत्यूंची चौकशी चालू होती, आणि मार्गारेट बाल्फोर यांनी तिला त्या कामासाठी बोलावलं होतं. गरीब गरोदर बायका, त्यातही कापडगिरण्यांत काम करणाऱ्या, एका विचित्र पंडुरोगाने पांढऱ्याफटक पडत होत्या. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी थोड्या आणि प्रमाणाबाहेर मोठ्या असत. विल्सने आधी जंतू शोधले, मग या बायकांच्या ताटात काय पडतं ते पाहिलं. फळं आणि पालेभाजी जिथे जवळजवळ नव्हती, तिथे रोग जास्त होता. तिने उंदरांना आणि माकडांना तसंच अन्न देऊन पाहिलं. एका आजारी माकडाला तिने मार्माइट दिलं, म्हणजे बिअर गाळल्यावर उरलेल्या यीस्टचा घट्ट, खारट अर्क, आणि ते झपाट्याने सुधारलं. मग तोच अर्क बायकांना दिला आणि त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ साली तिने हे छापलं. अर्कात नेमकं काय आहे हे कळलेलं नव्हतं, म्हणून त्या घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले.

त्या गिरणीबायकांची नावं आज कुणाला सांगता येणार नाहीत. मला वाटतं, या औषधाच्या वंशावळीत पहिल्या ओळीत त्याच यायला हव्यात.

पुढे १९४१ साली अमेरिकेत काही टन पालकातून एक आम्ल वेगळं काढण्यात आलं. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचं नाव फॉलिक अॅसिड. विल्सचा अनोळखी घटक याच कुळातला निघाला. लेडर्ले कंपनीत भीमवरमचे यल्लप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या चमूने ते प्रयोगशाळेत घडवलं. पेशीला दुभंगून नवी पेशी करायची तर हे लागतंच. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांना दिसलं की रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना ते दिलं तर रोग उलट फोफावतो. मग त्याचा रस्ता अडवला तर? सुब्बारावांच्या चमूने फॉलिक अॅसिडसारखी दिसणारी, पण पेशीला फसवणारी रसायनं बनवली. त्यातल्या अॅमिनोप्टेरिनने १९४८ साली काही मुलांना थोड्या काळासाठी का होईना, दिलासा दिला. सुब्बाराव त्याच वर्षी, ५३व्या वर्षी गेले. अॅमिनोप्टेरिनचं धाकटं भावंड म्हणजे मिथोट्रेक्झेट.

१९५१ साली रॉबर्ट गुब्नर यांनी अॅमिनोप्टेरिन आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं, आणि सांधे खरंच निवळले. पण तेव्हा सगळ्यांचे डोळे कॉर्टिझोनवर होते. त्याचा चमत्कार १९४८ला दिसला आणि १९५०ला नोबेलही मिळालं. त्याचे दुष्परिणाम उमगेपर्यंत गुब्नर यांचं काम मागे पडलं. मिथोट्रेक्झेटच्या लहान, साप्ताहिक मात्रेची नीट चाचणी छापून यायला १९८५ उजाडलं. आमवातासाठी अमेरिकेत परवानगी मिळाली १९८८ला. मधली सदतीस वर्षं किती हात वाकडे झाले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तर मावशी, शनिवारची गोळी यासाठी. गुरुवारची गोळी फॉलिक अॅसिडची वाट अडवते. त्यामुळे तोंड येतं, मळमळतं, रक्त आणि यकृतही कुरकुरतं. दोन दिवसांनी तेच फॉलिक अॅसिड थोडं परत द्यायचं, म्हणजे हा त्रास कमी होतो. परळच्या बायकांना ज्याने वाचवलं, तेच तुला सांभाळतं.

त्यानंतर औषधं पुष्कळ आली. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ साली दाहाचा निरोप पोचवणारं टीएनएफ हे एकच प्रथिन अडवून दाखवलं, आणि इंजेक्शनांचं नवं युग सुरू झालं. त्यांतल्या अडालिमुमाबची पहिली सममूल्य आवृत्ती एका भारतीय कंपनीने २०१४ला बाजारात आणली. २०१२ला टोफॅसिटिनिब आली, पेशीच्या आतला निरोप तोडणारी, तोंडाने घ्यायची गोळी. तिच्या जेनेरिक गोळ्या आता आपल्या केमिस्टकडे मिळतात. मुंबईत मात्र यातलं काहीही सुरू करण्याआधी टीबी तपासावाच लागतो, कारण दबलेला क्षय यांनी डोकं वर काढतो. पन्नाशीपुढे, विशेषतः सिगारेट ओढणाऱ्यांत किंवा हृदयविकार असणाऱ्यांत, टोफॅसिटिनिब जपून वापरायची असते.

मावशीचं डावं मनगट अजून सुजतं. म्हणून डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी लिहून दिली आहे. सोमवारी रिपोर्ट येईल. ठीक निघाला तर टोफॅसिटिनिब, सकाळ-संध्याकाळ. गुरुवारचं काय, असं तिने विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, गुरुवार चालूच ठेवायचा.