डाव्या पायाचा इतिहास

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीत एक लाल, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी मोटार येऊन थांबली आणि गल्लीतली सगळी लेकरं गोळा झाली. आमच्या थोरल्या भावाचा नातू पुण्याहून ती घेऊन आला होता. परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार, हा तिचा तिसरा मालक. नांदेड सोडल्यापासून उमरीपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासलं म्हणे. पोरगा उतरला तो डावा पाय झटकतच.

"आजोबा, हिचा क्लच लई जड आहे. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासात पाय थरथरायला लागतो."

तक्रार होती, पण सूर कौतुकाचा. मी म्हटलं, मग हलका करून घे की. तर म्हणाला, "छे! त्यातच तर मजा आहे."

दुपारी सगळे झोपल्यावर मी किल्ली न लावताच त्या गाडीत बसून पाहिलं. पंच्याहत्तरीच्या माणसानं त्या गाडीत बसणं म्हणजे आडात उतरणंच! डावा पाय क्लचवर ठेवून दाबला. पहिल्यांदा हललाच नाही. दुसऱ्यांदा पाठ सीटला टेकवून जोर लावला तेव्हा खाली गेला, आणि मला आमच्या दादांचा गुडघा आठवला.

मी इतिहासाचा मास्तर. मोटारीचा इतिहास वाचायला बसलात तर कारखानदार सापडतील, शर्यती जिंकणारे सापडतील, इंजिनाची अश्वशक्ती सापडेल. डावा पाय कुठं सापडत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

क्लच म्हणजे काय, हे आधी सांगतो. इंजिन फिरतच असतं, चाकं मात्र कधी थांबवायची असतात, कधी हळू चालवायची असतात. म्हणून दोघांच्या मध्ये एक घर्षणाची चकती असते. प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या जोरावर ती चकती फ्लायव्हीलवर दाबून धरते. पाय दाबला की स्प्रिंग मागं हटते आणि जोड सुटतो. आता इंजिनाची ओढ जेवढी जास्त, तेवढी चकती घट्ट दाबायला हवी, नाहीतर ती घसरते आणि जळते. आणि स्प्रिंग जेवढी कडक, तेवढा पाय जड. स्पोर्ट्स कारचा क्लच जड का, याचं उत्तर एवढंच. आजच्या लहान मोटारीत जिथं आठ-दहा किलोच्या दाबात काम भागतं, तिथं जुन्या ताकदवान गाड्यांना वीस किलोच्या पुढंही लागायचे. तरफ लांब केली तर जोर कमी लागतो, पण मग पाय लांबवर न्यावा लागतो. एका हातानं दिलेलं यंत्र दुसऱ्या हातानं काढून घेतंच.

सुरुवातीच्या मोटारींत ही चकती नव्हतीच. फ्रान्समध्ये १८९१ साली पानार आणि लव्हासोर यांनी इंजिन पुढं, मग क्लच, मग गिअर अशी मांडणी केली आणि पुढं जगानं ती उचलली. तेव्हाचे क्लच शंकूच्या आकाराचे, वर चामडं चढवलेलं. चामडं कोरडं पडलं की गाडी बैलासारखी हिसका देई, म्हणून त्याला तेल पाजत. इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थांनी १८९७ मध्ये फेरोडो कंपनी काढली ती गाड्यांच्या ब्रेकचे ठोकळे करण्यासाठी, आणि १९०८ मध्ये त्यांनी अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर वापरायला घेतलं. ते टिकाऊ निघालं. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक, हे मात्र पुष्कळ उशिरा कळलं. आमच्याकडं मिस्त्री लोक ती धूळ तोंडानं फुंकर मारून उडवत. दादाही.

त्याच १९०८ साली हेन्री फोर्डची मॉडेल टी निघाली. तिच्यात तीन पेडल, पण मांडणी वेगळीच. डावं पेडल पूर्ण दाबलं की खालचा गिअर, सोडलं की वरचा. म्हणजे चढ जेवढा लांब तेवढा वेळ डावा पाय दाबून धरायचा! खेड्यापाड्यातल्या माणसाला परवडणारी गाडी म्हणून तिचा गौरव होतो, तो योग्यच आहे. पण तो चढ चढणाऱ्या पायाबद्दल कोणी लिहीत नाही.

आता उमरीकडं वळतो. उमरी हे कापसाचं गाव. सिकंदराबाद-मनमाड लाइनवरचं स्टेशन आणि जिनिंगचे कारखाने. इतिहासात गावाचं नाव आहे ते ३० जानेवारी १९४८ ला स्वातंत्र्यसैनिकांनी इथली बँक लुटली म्हणून. निजामी राजवटीशी लढायला पैसा हवा होता. त्याच दिवशी संध्याकाळी तिकडं दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. असो, तो स्वतंत्र विषय आहे.

निजामाच्या राज्यात सरकारी मोटार १९३२ मध्ये सुरू झाली, तीही रेल्वेच्याच रस्ते वाहतूक खात्यामार्फत. २७ गाड्या आणि १६६ माणसं. ट्रकांचं राज्य आलं ते पुढं. १९५४ मध्ये टाटांनी जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं ट्रक बनवायला घेतले आणि लांब नाकाचे ट्रक हळूहळू आमच्या बाजारपेठांत दिसू लागले. तसल्याच एका ट्रकवर आमचे दादा आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर झाले. मालक कापसाचा व्यापारी. दाबून बांधलेली रुईची एक गाठ १७० किलोची. अशा गाठी भरून मुंबई गाठायची.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर गेलो. त्या काळी गिअर असे होते की नुसता क्लच दाबून पडत नसत. एकदा दाबायचा, गिअर मोकळा करायचा, सोडायचा, उतरत्या गिअरला थोडी रेस द्यायची, पुन्हा दाबायचा. याला डबल क्लच म्हणत. म्हणजे प्रत्येक गिअरला दोन वेळा तोच पाय! मी गंमत म्हणून मोजायला लागलो. बैलगाड्या, गुरं, बाजारकरी यांतून वाट काढत नांदेड येईपर्यंत आकडा दोनशेच्या पुढं गेला, तेव्हा मी मोजणं सोडलं. नांदेड म्हणजे काय, चाळीसेक किलोमीटर. खंडाळ्याचा घाट अजून पुढंच होता. १८३० साली बैलगाड्यांसाठी खुला झालेला तो घाटरस्ता. पुढं बंद पडलेला ट्रक असला की हाफ क्लचवर इंच इंच सरकायचं. दादांच्या कपाळावरचा घाम मला अजून दिसतो. वर पोचल्यावर खाली उतरून त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, "तू आपला शिक. ह्या पायावर दोघं नाही चालायचे."

त्या पायावरच मी नांदेडला बी.ए. झालो. मनिऑर्डर कधी चुकली नाही.

तो भार कमी करणं अशक्य होतं असं नाही. जनरल मोटर्सनं १९३० च्या दशकातच बशीसारखी डायाफ्राम स्प्रिंग आणली होती. जुन्या गुंडाळलेल्या स्प्रिंगा जसजशा दाबाव्यात तसतशा जास्त विरोध करतात; ही बशी मात्र एका टप्प्यानंतर नरम पडते. १९३९ च्या अखेरीस अमेरिकेत ओल्ड्समोबिलच्या काही मोटारींतून तर क्लचचं पेडलच गेलं. दादांचा ट्रक त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी रस्त्यावर आला. शोध लागला होता, फक्त तो उमरीपर्यंत यायचा होता. कमी मजुरीच्या गुडघ्यासाठी महाग स्प्रिंग कोण घालतो?

श्रीमंतांच्या गाड्यांनाही वेळ लागला, पण कारण निराळं होतं. पोर्शेच्या ९११ ला तेलाच्या दाबावर चालणारा क्लच १९८७ च्या मॉडेलात मिळाला. फेरारीनं १९८९ मध्ये शर्यतीच्या गाडीचे गिअर स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांवर आणले आणि ब्राझीलची पहिलीच शर्यत मॅन्सेलनं त्या गाडीवर जिंकली. पुढं रस्त्यावरच्या फेरारीतूनही तिसरं पेडल गेलं. आपल्याकडं २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि मध्यमवर्गीयाच्या लहान गाडीलाही क्लच दाबणं ऐच्छिक झालं. आता जड क्लच हौशी माणसं शोधून, जास्त पैसे मोजून घेतात. मला त्यात पाप दिसत नाही. जातं घरोघर होतं तेव्हा बायकांचे खांदे भरून यायचे. आज तेच शोभेला बैठकीत ठेवतात.

दादा शेवटी शेवटी माझ्याबरोबर एस्टीनं नांदेडला दवाखान्यात यायचे. डावा गुडघा पूर्ण झिजलेला. एस्टीचा ड्रायव्हर गिअर बदलायच्या बेतात आला की दादांचा डावा पाय खाली पत्र्यावर आपोआप दाबला जायचा, दोनदा. मग कळवळायचे. मी म्हणायचो, दादा, तुम्ही नाही चालवत आता. ते हसायचे.

हे सगळं मी पोराला सांगितलं, भाऊबीजेच्या रात्री. त्यानं मध्ये एकदाही मोबाईल पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी निघताना गाडीत बसला आणि काच खाली करून म्हणाला, "आजोबा, मोठे आजोबा सिग्नलला काय करायचे?"

"न्यूट्रल करून पाय काढून ठेवायचे. क्लचवर पाय ठेवून बसलेला ड्रायव्हर त्यांना खपत नसे. आणि सीट एक घर पुढं घे, मांडीनं दाब, गुडघ्यानं नको."

त्यानं सीट पुढं घेतली, दोनदा क्लच दाबून पाहिला, आणि गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर पुन्हा पोट घासून गेला.