तळटीप : ‘बनी इस्राईल’

१. बनी इस्राईल : शब्दशः ‘इस्राईलची मुले’. इस्राईल म्हणजे प्रेषित याकूब. मूळ अरबी शब्दाचे भाषांतर ‘यहुदी’ असे सरसकट केले जाते. ते येथे मुद्दाम टाळले आहे. कुराणात ‘यहूद’ हा वेगळा शब्द आहे आणि ‘बनी इस्राईल’ म्हटले की बहुधा मूसाच्या मागे मिसरमधून बाहेर पडलेला प्राचीन समाज डोळ्यांसमोर असतो. सतराव्या सूरेला ‘अल्-इस्रा’प्रमाणेच ‘बनी इस्राईल’ हेही नाव आहे. कुराणात माणसांपैकी सर्वाधिक वेळा नाव येते ते मूसाचेच.

या समाजाविषयीचा सूर एकेरी नाही. ईश्वराने त्यांना सर्वांहून वर ठेवले, असे दुसरी सूरा सांगते. करार मोडल्याबद्दल खडसावतेही तीच. केवळ एकाच बाजूची वचने उचलणाऱ्यांनी फार नुकसान केले आहे. सोन्याच्या वासराची कथा तर दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावी : बायबलच्या ‘निर्गम’मध्ये वासरू घडवतो अहरोन, कुराणात ते काम सामिरी नावाच्या माणसाचे, आणि हारून (म्हणजे अहरोनच) लोकांना अडवू पाहतो. प्रेषिताच्या हातून मूर्तिपूजेला साथ मिळणे इस्लामी श्रद्धेला मान्य होणारे नाही.

पुढे भाष्यकारांनी यहुदी-ख्रिस्ती परंपरेतल्या कथांनी असे प्रसंग भरून काढले. त्या कथांना ‘इस्राईलियात’ म्हणतात. चौदाव्या शतकातला भाष्यकार इब्न कसीर त्यांच्याकडे सावधपणे पाहतो.

कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या ‘बेने इस्राएल’ या नावाचा अर्थही हाच. तिथे शब्द हिब्रू आहे.